बंदोबस्त, कारकून, गोलंदाज : फारसी शब्दाची गाठ कशी सोडवायची

इराणची बातमी आली की काही शब्द हटकून कानावर येतात. तिथल्या सर्वोच्च नेत्याला ‘रहबर’ म्हणतात, लष्करी अधिकाऱ्याच्या नावाआधी ‘सरदार’ लागतं, आणि एका दलाचं नाव तर रोजच ऐकू येतं : ‘पासदारान’. या दलाचं पूर्ण नाव ‘सेपाह-ए पासदारान-ए एन्केलाब-ए एस्लामी’. ऐकायला अवघड वाटतं, पण फारसी भाषा शब्द कसे जोडते याचा अर्धा धडा याच नावात आहे.

सेपाह म्हणजे सेना. आपला ‘शिपाई’ तिथूनच आला. पासदारान म्हणजे पहारेकरी, एन्केलाब म्हणजे आपण ‘इन्किलाब’ म्हणतो ती क्रांती. सगळं मिळून ‘इस्लामी क्रांतीच्या पहारेकऱ्यांची सेना’. मराठी भाषांतर मागून पुढे वाचत यावं लागलं, हे लक्षात आलं असेल. आता फक्त ‘पासदार’ घ्या. पास म्हणजे पहारा, दार म्हणजे धरणारा. हा शब्द मात्र सरळ, मराठीच्याच क्रमानं उलगडला. एकाच नावात भाषा दोन दिशांनी चालली आहे.

उच्चाराबद्दल एकदाच सांगून ठेवतो. आपल्याकडे आलेल्या फारसीत जिथे ‘इ’ आहे तिथे आजचे इराणी बहुधा ‘ए’ म्हणतात, आणि ‘उ’च्या जागी ‘ओ’. त्यामुळे आपला किताब तिथे ‘केताब’ होतो. खान्याच्या शेवटचा ‘आ’ही तिथे ‘ए’ होतो, म्हणून तो ‘खाने’.

साखळी वेगळी, गाठ वेगळी

नावातला तो मधला ‘-ए’ म्हणजे एजाफे. गझल वाचणारे त्याला इजाफत म्हणून ओळखतात. त्याचं काम आपल्या चा-ची-चे सारखं, पण उलट्या बाजूनं. आपण ‘रामाचं घर’ म्हणतो, फारसी म्हणते ‘घर-ए राम’. विशेषणही असंच मागून येतं : केताब-ए बोजोर्ग, म्हणजे मोठं पुस्तक. ही साखळी हवी तितकी लांबवता येते, पण त्यातून नवा शब्द तयार होत नाही. तो शब्दसमूहच राहतो.

नवा शब्द हवा असेल तर ‘ए’ गळतो, क्रम उलटतो आणि मुख्य शब्द शेवटी जातो. ‘खाने-ये केताब’ म्हणजे पुस्तकाचं घर. ‘केताबखाने’ म्हणजे ग्रंथालय. घटक तेच, पण पहिल्यात दोन वस्तू आहेत आणि दुसऱ्यात एकच. गाठ बसली की नाही हे अनेकवचन लावून बघता येतं. ‘हा’ हा प्रत्यय साखळीत पहिल्या शब्दाला लागतो (खानेहा-ये केताब), तर जोडशब्दात अगदी शेवटी (केताबखानेहा). गाठीच्या पोटात प्रत्यय शिरत नाही. मराठीतही ‘देवाचं घर’ला ‘देवांचं घर’ करता येतं, पण ‘देवघर’चं ‘देवांघर’ होत नाही.

नाम अधिक नाम अशा साध्या जोड्यांमध्ये माझा आवडता शब्द ‘यखचाल’. यख म्हणजे बर्फ, चाल म्हणजे खड्डा. इराणच्या वाळवंटी भागात बर्फ साठवण्यासाठी मातीच्या जाड घुमटाखाली खोल खड्डे बांधत, ते यखचाल. आज तेहरानच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजला हेच नाव आहे.

शेवटी क्रियापद बसतं, तेही बोडकं

फारसी जोडशब्दांची खरी ताकद इथे आहे. हा भाग नीट कळला तर पुढचं बरंच सोपं जातं.

प्रत्येक फारसी क्रियापदाची दोन मुळं असतात. मराठीलाही हे नवं नाही : जातो पण गेला, करतो पण केलं, येतो पण आला. फारसीत नुसत्या क्रियापदाच्या शेवटचा ‘अन’ काढला की भूतकाळाचं मूळ मिळतं. लिहिणे म्हणजे नेवेश्तन, त्याचं भूतमूळ नेवेश्त. वर्तमानमूळ मात्र पाठच करावं लागतं. इथे ते ‘नेविस’.

हे वर्तमानमूळ कोणताही प्रत्यय न लावता नामाच्या मागे ठेवलं की ‘ते काम करणारा’ असा शब्द तयार होतो. मराठीत ‘पाकीटमार’ आणि ‘चिडीमार’ असेच झाले आहेत, पण आपल्याकडे असे शब्द मोजके. फारसीत तो हमरस्ता आहे.

लिहिणारा म्हणजे नवीस. फर्द, म्हणजे यादीचा कागद, लिहिणारा तो फडणवीस. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, कारखान्यांचे हिशेब लिहिणारा कारखानीस आणि फारसी पत्रव्यवहार लिहिणारा पारसनीस. ‘नवीस’ घासून ‘नीस’ झाला तरी मूळ तेच. दाश्तन, म्हणजे धरणे किंवा जवळ बाळगणे, याचं वर्तमानमूळ ‘दार’. त्यातून दुकानदार, किल्लेदार आणि चोपदार. चूब म्हणजे काठी, ती धरणारा चोपदार. ‘खबरदार’ म्हणजे मुळात खबर असलेला, सावध. आपण त्याची धमकी केली. खोर्दन म्हणजे खाणे, मूळ ‘खोर’ : लाचखोर, नफेखोर. बाख्तन म्हणजे खेळणे, डाव लावणे, मूळ ‘बाज’ : दगाबाज, सट्टेबाज. कर्दन म्हणजे करणे, त्याचं मूळ ‘कोन’, आपल्या जुन्या उच्चारात ‘कुन’. कार म्हणजे काम, म्हणून काम करणारा तो कारकून. सरकारी कचेरीच्या अनुभवावरून हा अर्थ पटायला जड जाईल, पण व्युत्पत्ती अशीच आहे.

दुख्तन म्हणजे शिवणे, मूळ ‘दूज’. जर म्हणजे सोनं. सोन्याच्या तारेचं शिवणकाम ते जरदोजी. पूशीदन म्हणजे झाकणे किंवा अंगावर घालणे, मूळ ‘पूश’. पाय झाकतो तो पायपोस, जो आपल्याकडे कोणाचा कोणाच्या पायात नसतो. अंदाख्तन म्हणजे फेकणे, मूळ ‘अंदाज’. गोळा फेकणारा तो गोलंदाज. हा मुळात तोफेवरचा माणूस, क्रिकेटच्या मैदानात तो फार नंतर उतरला. बोर्दन म्हणजे नेणे, मूळ ‘बर’. राह म्हणजे वाट, वाटेनं नेणारा तो रहबर.

शब्दाच्या शेवटी आणखी एक ‘ई’ लागली तर त्या कामाचं, धंद्याचं किंवा खात्याचं नाव होतं : दुकानदारी, गोलंदाजी. म्हणून अनोळखी शब्द सोडवताना आधी शेपटाचा ‘ई’ आणि अनेकवचनाचे ‘आन’ किंवा ‘हा’ बाजूला काढावेत. मग उरलेल्या शेवटच्या तुकड्यात क्रियापदाचं मूळ दिसतं का ते बघावं, आणि शेवटी पहिल्या तुकड्याला विचारावं की या क्रियेत तुझं काम काय. ‘आतेशनेशानी’ घ्या. ‘ई’ काढली, उरलं आतेशनेशान. नेशांदन म्हणजे बसवणे, मूळ नेशान. आतेश म्हणजे आग. आगीला खाली बसवणारा तो बंबवाला, आणि ‘ई’ परत लावली की अग्निशमन दल.

गाठीवर गाठही बसते. कार आणि खाना मिळून कारखाना, त्याला दार लावून कारखानदार, त्याला ‘ई’ लावून कारखानदारी. पश्चिम महाराष्ट्राचं निम्मं राजकारण ज्या शब्दात मावतं त्याचे एकूण एक तुकडे फारसी आहेत.

मग ‘दस्तबाफ’ म्हणजे हात विणणारा का?

नाही, आणि नवशिके सगळ्यात जास्त इथेच घसरतात. बाफ्तन म्हणजे विणणे, मूळ ‘बाफ’. फर्शबाफ म्हणजे गालिचा विणणारा कारागीर. दस्तबाफ म्हणजे मात्र हातानं विणलेला गालिचा. शेवटचा तुकडा दोन्हींत एकच आहे, पण एक माणूस आणि दुसरी वस्तू.

फरक पडतो तो पहिल्या शब्दामुळे. फर्श, म्हणजे गालिचा, हे विणण्याचं कर्म आहे. गालिचा विणला जातो, म्हणून शब्द विणणाऱ्याचा झाला. हात काही विणला जात नाही. तो साधन आहे, म्हणून शब्द विणलेल्या वस्तूचा. कफ्शदूज म्हणजे जोडे शिवणारा, तर दस्तदूज म्हणजे हातशिलाईचं. ‘साज’ म्हणजे बनवण्याचं मूळ, पण खानेसाज म्हणजे घर बांधणारा नव्हे, घरी बनवलेलं. इथे घर ही बनवण्याची जागा. इराणी दुकानात ‘खानेसाज’ अशी पाटी दिसली तर आत गवंडी शोधू नका, लोणचं मिळेल.

भूतमूळ शेवटी आलं तर बहुधा ‘झालेलं, केलेलं’ असा अर्थ निघतो. दस्तनेवेश्त म्हणजे हस्तलिखित. आणि सरनेवेश्त? सर म्हणजे डोकं, नेवेश्त म्हणजे लिहिलेलं. डोक्यावर लिहिलेलं, अर्थात नशीब. आपण कपाळी लिहिलेलं म्हणतो ते हेच.

सारखी दिसणारी शेपटं

‘दान’ हे शेपूट दोन वेगळ्या घराण्यांचं आहे. एक ‘दान’ म्हणजे ठेवण्याचं भांडं : नमकदान, आपली अत्तरदाणी, पिकदाणी. दुसरं दानेस्तन, म्हणजे जाणणे, या क्रियापदाचं वर्तमानमूळ : कदरदान म्हणजे किंमत जाणणारा, कारदान म्हणजे कामातला जाणकार. दिसण्यावरून भेद कळत नाही. पहिला शब्द साठवण्याची वस्तू आहे की जाणण्याची, एवढंच बघायचं. मीठ जाणणारा कोणी नसतो, आणि कदर डब्यात भरून ठेवता येत नाही.

‘गर’ हा मात्र क्रियापदाचं मूळ नव्हे, प्रत्यय आहे : जरगर म्हणजे सोनार, जादूगर म्हणजे आपला जादूगार. ‘गाह’ आणि ‘स्तान’ जागा दाखवतात. दर म्हणजे दार, त्यावरून दरगाह, आपला दर्गा. बीमारेस्तान म्हणजे आजाऱ्यांची जागा, रुग्णालय. इथे एक व्यावहारिक सूचना : इराणात डॉक्टर हवा असेल तर आपल्या दवाखान्याचा भाऊ समजून ‘दारूखाने’त शिरू नका. तिथे ‘दारू’ म्हणजे औषध, आणि दारूखाने म्हणजे औषधांचं दुकान. आपली ‘दवादारू’ही आधी औषधाचीच होती.

क्रियापद नसलेल्या गाठी

बहुव्रीही समास शाळेत शिकलो : नीलकंठ म्हणजे निळा कंठ नव्हे, तो असलेला शंकर. फारसीत हा प्रकार भरघोस आहे. बद आणि नाम मिळून बदनाम, म्हणजे ज्याचं नाव वाईट आहे तो. कम आणि जोर मिळून कमजोर. खोश, म्हणजे चांगला, आणि हाल, म्हणजे अवस्था, मिळून खोशहाल, ज्याचा आपण ‘खुशाल’ केला. इथे क्रम एकच एक नाही. तंगदस्त, हाताची तंगी असलेला, म्हणजे गरीब. देलतंग, ज्याचं हृदय आवळलं आहे, म्हणजे कुणाच्या आठवणीनं व्याकूळ. तंग एकदा पुढे, एकदा मागे.

‘हम’, म्हणजे सह, लावून केलेले शब्द तर अर्थासाठीच लक्षात ठेवावेत. हमकार म्हणजे सहकारी. हमसाये म्हणजे जो आपल्याच सावलीत राहतो तो, शेजारी.

बंदोबस्त आणि बरोबर

द्वंद्व जोडताना फारसी मध्ये ‘ओ’ ठेवते. हा ‘ओ’ म्हणजे ‘आणि’. आब-ओ-हवा म्हणजे पाणी आणि हवा, मिळून हवामान. आपण हवापाणी म्हणतो, फक्त उलट क्रमानं.

याच साच्यात एकाच क्रियापदाची दोन मुळं शेजारी ठेवायची एक खास रीत आहे. बस्तन म्हणजे बांधणे. वर्तमानमूळ बंद, भूतमूळ बस्त. बंद-ओ-बस्त. गणपतीत चौकाचौकात लावला जातो तो बंदोबस्त म्हणजे, शब्दशः, ‘बांधणे-बांधलेले’. गुफ्तगू अशीच : गोफ्तन, म्हणजे बोलणे, याचं आधी भूतमूळ गोफ्त आणि मग वर्तमानमूळ गू. शोधाला जुस्तजू म्हणतात तीही याच घरची. ही रीत प्रत्येक क्रियापदाला चालत नाही. जोड्या ठरलेल्या आहेत आणि आधी कोणतं मूळ येणार हेही ठरलेलं आहे.

दुसरा दुवा ‘आ’. एकच शब्द दोनदा आणि मध्ये ‘आ’ आला की ‘इथून तिथवर, समोरासमोर’ असा अर्थ येतो. लब म्हणजे ओठ, लबालब म्हणजे काठोकाठ भरलेलं. बर म्हणजे छाती. छातीला छाती भिडली, म्हणजे दोघे एका पातळीत आले : बर-आ-बर. तेच आपलं ‘बरोबर’. सर-आ-सर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्यातून आपली ‘सरासरी’.

अपवाद : उलट्या बसलेल्या गाठी

मुख्य शब्द शेवटी येतो असं वर म्हटलं, पण रेल्वेला इराणी लोक ‘राह-आहन’ म्हणतात. राह म्हणजे वाट, आहन म्हणजे लोखंड. नियमानं ‘आहनराह’ हवं होतं, आपल्या लोहमार्गासारखं. झालं असं की ‘राह-ए आहन’ ही मुळात साखळी होती. बोलण्यात ‘ए’ झिजला आणि साखळीचीच गाठ होऊन बसली. नात्याच्या शब्दांतही हे दिसतं. पेदर म्हणजे बाप, जन म्हणजे बायको. पेदरजन म्हणजे सासरा, बापाची बायको नव्हे. अर्थाचा घोळ टाळायला सोपी खूण म्हणजे, अशा उलट्या गाठींत दोन्ही तुकडे साधी नामं असतात. शेवटी क्रियापदाचं मूळ असेल तर क्रम उलटत नाही.

‘पण हे तर अरबी शब्द आहेत’

कित्येक जोडशब्दांचा पहिला तुकडा खरोखर अरबी आहे : किताब, दुकान, खबर. पण त्यांना जोडणारी पद्धत फारसी. अरबी नवा शब्द गाठ मारून सहसा करत नाही. ती तीन व्यंजनांच्या चौकटीत स्वर बदलते : क-त-ब पासून किताब, कातिब, मकतब. केताबखानेत कापड अरबी आहे, शिलाई फारसी.

‘मग हे संस्कृतातूनच गेलं असणार’

साम्य आहे हे खरं. दार आणि ‘गिरिधर’मधला धर एकाच मुळाचे. अत्तरदाणीतली दाणी आणि राजधानीतली धानी सख्ख्या. साये म्हणजे छाया, स्तान म्हणजे स्थान, हम म्हणजे सम. जरगरमधला गर आणि ‘सुवर्णकार’मधला कार एकच, आणि हाच कार झिजून सोनार-कुंभारातला ‘आर’ झाला.

पण आई-मुलीचं नातं म्हणायचं तर ते जुळत नाही. दोन्ही भाषा एका जुन्या भाषेच्या दोन शाखा आहेत आणि प्रत्येकीनं आवाज आपल्या पद्धतीनं बदलले. तिकडे शब्दारंभीच्या ‘स’चा ‘ह’ झाला : सप्तचा हफ्त, म्हणून सात दिवसांचा हप्ता. महाप्राण गेले : भरचा बर, बंधचा बंद. समासाची हौस मात्र दोघींनी घरूनच आणली होती.

नवे शब्द कसे पाडले

इराणात १९३५ साली फरहंगेस्तान, म्हणजे भाषा अकादमी, स्थापन झाली. त्या काळात परकी शब्द काढून फारसी तुकड्यांचे शब्द घडवण्याची मोहीमच चालली होती. विमानाला ‘तय्यारे’ असा अरबी शब्द होता, त्याजागी हवापेयमा आला : हवा मोजत, ओलांडत जाणारा. दानेश, म्हणजे ज्ञान, आणि गाह मिळून विद्यापीठाला दानेशगाह. नंतरच्या काळात हेलिकॉप्टरला बालगर्द : बाल म्हणजे पंख, गर्द हे फिरण्याचं मूळ. हे शब्द रुळले, कारण साचा लोकांच्या तोंडातला होता. पिझ्झ्यासाठी ‘केशलोक्मे’, ताणला जाणारा घास, असाही शब्द कानावर आला. तो लोकांनी थट्टेपुरता ठेवला आणि पिझ्झा पिझ्झाच राहिला.

गंमत म्हणजे महापालिकेच्या प्रमुखाला इराणनं शुद्ध देशी शब्द निवडला ‘शहरदार’. जवळपास त्याच काळात सावरकरांची भाषाशुद्धी मराठीतून हाच ‘दार’ खुडत होती आणि त्याच पदासाठी ‘महापौर’ देत होती. आपल्याकडे ही खुडणी त्याआधीही झाली होती. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव आणि वाकनिसाचा मंत्री केला, आणि रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राजव्यवहारकोश करवून घेतला. पदांची नावं बदलली. आडनावं तशीच राहिली.

लिहिताना काय चुकतं

फारसी टंकलेखनात जोडशब्दाच्या दोन तुकड्यांमध्ये पूर्ण जागा सोडत नाहीत. ‘नीमफासेले’, म्हणजे अर्धी मोकळी जागा, सोडतात. प्रमाण फारसी कळफलकावर ती शिफ्ट धरून स्पेस दाबल्यावर येते. पूर्ण स्पेस दिली तर शब्द ओळीच्या शेवटी फुटतो, शोधयंत्राला तो दोन वेगळे शब्द वाटतो आणि वाचणारा मध्ये नसलेला ‘ए’ उच्चारून साखळी वाचू लागतो. काही शब्द मात्र सरळ चिकटवूनच लिहायचे असतात. केताबखाने दोन्ही तऱ्हांनी लिहिलेला आढळतो, त्यामुळे शोधताना दोन्ही रूपं टाकून बघावीत.

मराठीनं पुढे काय केलं

मराठीनं नुसते तयार शब्द उचलले नाहीत, शेपटं सुटी करून घेतली. धारदार, टोकदार, पाणीदार यांच्यात पहिला तुकडा आपला. पंचनामा, सरपंच, सरन्यायाधीश हे सगळे अर्धे-अर्धे. पण शेपूट सुटं झालं की त्याच्या आतलं क्रियापद बोलणाऱ्याला दिसेनासं होतं. इराणी माणसाला ‘दार’ ऐकताच ‘धरतो’ आठवतं. आपल्याला ‘दार’ म्हणजे नुसतं ‘-वाला’.

याचा सगळ्यात चांगला पुरावा क्रिकेटमध्ये आहे. गोलंदाज गोळा फेकतो, तिथे ‘अंदाज’ अर्थाला धरून आहे. मग बॅटवाल्याला शब्द हवा होता, म्हणून गोलंदाजाच्या धर्तीवर फळीपासून ‘फलंदाज’ केला. फारसी जाणणाऱ्यानं तो तुकड्या-तुकड्यांनी वाचला तर अर्थ निघतो फळी फेकणारा, आणि ते तो फक्त बाद झाल्यावर, तंबूत परतताना करतो.